अंतर तेच, मग भाडं का वाढलं? पुण्यातली कोंडी आणि मालवाहतुकीचा हिशोब

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचा प्रेस पार्ट्सचा छोटा कारखाना आहे. माल रोज चाकणला आणि आठवड्यातून दोन-तीनदा रांजणगावला जातो. ट्रान्सपोर्टरने चाकणच्या फेरीचं भाडं एकदम तीस टक्क्यांनी वाढवून मागितलंय. अंतर तेच आहे, डिझेलही फारसं वाढलेलं नाही. विचारलं की “साहेब, ट्रॅफिक” एवढंच म्हणतो. हे खरं धरायचं का? आणि यात आमच्या हातात काय आहे?

उत्तर:

तुमचा ट्रान्सपोर्टर खोटं बोलत नाहीये, असं मला वाटतं. कदाचित त्याने हिशोब कागदावर मांडलेलाही नसेल. महिनाअखेरीला हप्ता भरताना हात आखडतो, एवढंच त्याला कळतं. आपल्याकडे भाडं ठरतं किलोमीटरवर किंवा फेरीवर, पण गाडीचा खर्च चालतो तासावर. रस्ता मोकळा असतो तेव्हा हा फरक कुणाला जाणवत नाही. रस्ता तुंबला की सगळा भार गाडीमालकावर येतो, आणि तो काही दिवस सोसून मग तुमच्याकडे येतो.

आकडे मांडून बघू. हे आकडे सोयीसाठी गोल धरलेत, तुमच्या गाडीप्रमाणे बदलून घ्या. चौदा फुटी गाडी आहे. हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार, टॅक्स, पासिंग, टायर-मेंटेनन्सची तरतूद असं मिळून महिन्याला ७५,००० रुपये स्थिर खर्च धरा. महिन्याचे कामाचे दिवस २५, म्हणजे गाडी रोज ३,००० रुपये खाते, मग ती धावो वा उभी राहो. भोसरी ते चाकण जाऊन-येऊन ४० किलोमीटर. दिवसात तीन फेऱ्या झाल्या तर फेरीवर स्थिर खर्च पडतो १,००० रुपये. डिझेल ९० रुपये लिटर आणि अॅव्हरेज ७ चं धरलं तर इंधनाचे साधारण ५१५. एकूण १,५१५.

आता कोंडीमुळे तीनच्या दोन फेऱ्या झाल्या. स्थिर खर्च फेरीला १,५०० झाला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत गेल्यामुळे अॅव्हरेज ५ वर आलं, म्हणजे डिझेलचे ७२०. एकूण २,२२०. अंतर तेच, डिझेलचा भाव तोच, आणि फेरीचा खर्च जवळपास ४७ टक्क्यांनी वाढला. तुमचा माणूस तीसच मागतोय.

वाढलेल्या ७०५ रुपयांत डिझेलचा वाटा फक्त २०५ आहे. उरलेले ५०० गेले ते हुकलेल्या फेरीमुळे. कोंडी म्हटलं की सगळे जळणाऱ्या डिझेलबद्दल बोलतात, वर्तमानपत्रातही तेच येतं. पण मालवाहतुकीत खरा फटका फेरी बुडण्याचा असतो. आणि फेरी अर्धी-पाव बुडत नाही. तिसऱ्या फेरीला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला आणि ग्राहकाचं स्टोअर बंद झालं, तर ती फेरी अख्खी गेली.

शहर किती तुंबलंय याचा एक आकडा सगळीकडे फिरतो. नकाशे बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्समध्ये पुणे जगात चौथं होतं, दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. आकडा बोलका आहे, पण माल पाठवणाऱ्याने सरासरीच्या नादी लागू नये. चाकणला पोचायला रोज न चुकता दोन तास लागत असते, तर आपण दोन तास आधी गाडी सोडली असती आणि विषय संपला असता. त्रास असा आहे की आज पाऊण तास लागतो, उद्या अडीच. जो माणूस वेळेवर माल पोचवायला बांधलेला आहे त्याला रोज अडीच तासच धरावे लागतात. मग पाऊण तासात पोचलेली गाडी गेटबाहेर उभी राहते.

चाकणच्या तळेगाव चौकात एकदा सकाळी साडेनऊ वाजता उभं राहून बघा. पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता तिथे एकमेकांना छेदतात. मुंबई, न्हावाशेवाहून तळेगावमार्गे येणारा कंटेनर, मराठवाड्याकडून शिक्रापूरहून येणारा ट्रक, नारायणगावची भाजी आणि कंपन्यांच्या स्टाफ बसेस सगळ्या त्याच चौकात. चाळीस फुटी ट्रेलर तिथे वळायला लागला की त्याची मागची चाकं आतून कापत येतात, म्हणून ड्रायव्हर आधी उलट्या बाजूला बाहेर काढतो. तेवढ्या मोकळ्या जागेत दोन रिक्षा आणि एक दुचाकी घुसते. ट्रेलर अडकतो, ना पुढे ना मागे. क्लीनर खाली उतरून हात दाखवत, शिव्या देत दुचाकी बाजूला करतो. ट्रेलर निघेपर्यंत सिग्नल दोनदा बदललेला असतो आणि चारही बाजूंच्या रांगा वाढलेल्या असतात. पावसाळ्यात याच्यात खड्डे आणि साचलेलं पाणी मिळवा. या सगळ्यात तुमचा चौदा फुटी टेम्पो कुठेतरी मध्ये असतो आणि त्यात ग्राहकाच्या एका असेंब्ली लाइनला चार तास पुरतील एवढे ब्रॅकेट असतात.

आता याचा धंद्यावर परिणाम. मोठ्या कंपन्या जस्ट-इन-टाइम चालवतात, म्हणजे लाइनला दोन-चार तासांचाच माल ठेवतात. ऐकायला छान. पण तो साठा नाहीसा होत नाही, तो कंपनीच्या गोदामातून तुमच्या कारखान्यात आणि रस्त्यावरच्या गाडीत येऊन बसतो. पोचण्याची वेळ जेवढी बेभरवशाची, तेवढा जास्त साठा कुणाला तरी धरावा लागतो, आणि आपल्याकडे तो ‘कुणीतरी’ म्हणजे टिअर-टू, टिअर-थ्रीवाला, कंपनीला थेट नाही तर तिच्या पुरवठादारांना माल देणारा. त्याचे पैसे पत्र्यात आणि तयार मालात अडकतात, बँकेची सीसी (कॅश क्रेडिटची उचल) फुगते. वर लाइन थांबली तर मिनिटांच्या हिशोबाने डेबिट नोट, म्हणजे तुमच्या बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, येते ती वेगळी.

यातली एक गोष्ट बऱ्याच मालकांच्या लक्षात येत नाही: रिकाम्या ट्रॉल्या आणि बिन, म्हणजे पार्ट भरून पाठवायचे क्रेट. भरलेली गाडी अडकली की सगळे फोन करतात. रिकामे बिन घेऊन परत येणारी गाडी अडकली की कुणालाच घाई नसते. मग तुमच्याकडे प्रेस चालू, ऑपरेटर हजर, पत्रा हजर, पण माल टाकायला बिन नाहीत. मशिन बंद ठेवायचं, नाहीतर पार्ट जमिनीवर रचून नंतर दुप्पट मजुरीत भरायचे, आणि डेंट पडून रिजेक्शन घ्यायचं. चाकणच्या कोंडीचा हा भोसरीतला खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

दुसरा न दिसणारा खर्च म्हणजे धावपळीची गाडी. मोठी गाडी मोशीत अडकली असं कळलं की सुपरवायझर छोटा हत्ती बोलावतो, त्यात पन्नास पार्ट टाकतो आणि आतल्या रस्त्याने पिटाळतो. त्या दिवशी एका मालाचं दोनदा भाडं. शिवाय जिथे एक गाडी असायची तिथे दोन झाल्या, तीही एक जवळपास रिकामी. अशी प्रत्येक कारखान्याची एकेक गाडी वाढते आणि मग आपणच म्हणतो रस्ता पुरत नाही.

आता थोडं कडू बोलतो. रस्त्याच्या नावाने जेवढ्या वेळेची पावती फाटते, तेवढी सगळी रस्त्यावर जात नाही. बराच वेळ गेटवर जातो. गाडी नऊला पोचते, सिक्युरिटी एलआर (मालाची बिल्टी) आणि डिलिव्हरी चलन बघते, टोकन देते आणि सांगते, “डॉक (माल उतरवायची जागा) रिकामा नाही, बाहेर लावा.” बाहेर म्हणजे कुठे? रस्त्याच्या कडेला. अशा पंधरा-वीस गाड्या लागल्या की दोन लेनचा एमआयडीसी रस्ता एका लेनचा होतो आणि मागून येणारी गाडी त्यातच अडकते. म्हणजे कोंडीमुळे गाडी उशिरा येते, आणि गेटवर गाडी थांबवल्यामुळे कोंडी होते. वाहतूक पोलिसांनी त्या गाडीला नो पार्किंगचं चलन केलं तर तो दंड ड्रायव्हरच्या माथी. स्वतःच्या आवारात येणाऱ्या गाड्यांना जागा न देता एवढी उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना याचा जाब क्वचितच विचारला जातो. ट्रक टर्मिनलची मागणी मालवाहतुकीतली माणसं सारखी करतात, ती याचसाठी.

इतर धंद्यांना हाच चिमटा वेगळ्या जागी बसतो. नारायणगावचा टोमॅटो याच नाशिक रस्त्याने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो. पहाटेच्या गिऱ्हाइकाची वेळ चुकली की माल तोच, भाव वेगळा. काँक्रीटच्या मिक्सरला तर तासांचीच मुदत असते. निर्यातवाल्याचं दुखणं बंदराच्या कट-ऑफचं. बोरघाटात एखादा ट्रक कलंडला आणि कंटेनर न्हावाशेवाच्या गेटवर वेळेत लागला नाही की जहाज त्याच्याविना सुटतं. पुढच्या जहाजापर्यंत थांबण्याचं भाडं, बंदराचे चार्जेस आणि परदेशातल्या ग्राहकाचा रोष एकदमच येतो. म्हणून निर्यातवाले हल्ली एक दिवस आधीच कंटेनर सोडतात, आणि तो एक दिवस ट्रेलर नुसता उभा राहतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुमच्या चाकणच्या फेरीत ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत संपायची भीती नाही. २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस मिळतो आणि तो बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. पण लांबचा माल पाठवत असाल तर लक्ष ठेवा. घाटात किंवा बंदराच्या रांगेत गाडी अडकून मुदत जात असेल, तर संपण्याच्या आधीचे आठ तास ते नंतरचे आठ तास एवढ्या वेळेतच ती वाढवता येते. हे काम रात्री दोनला कोण करणार हे आधी ठरवा, कारण मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली तर मालाचा मालक दंड भरायला पुढे आला तरी कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो.

गाडी आणि ड्रायव्हर यांच्यावरही बोलायला हवं, कारण भाडेवाढीत तेही आहेत. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन नीट तापून काही वेळ सलग चालावं लागतं. दिवसभर दहाच्या वेगाने रांगणाऱ्या गाडीत काजळी साठते, दिवा लागतो, आणि ड्रायव्हरने दुर्लक्ष केलं की गाडी जोर धरत नाही. मग वर्कशॉप. क्लच आणि ब्रेकची झीज तर जुनीच. आणि ड्रायव्हर? त्याला पगाराशिवाय फेरीमागे भत्ता असतो. फेऱ्या कमी झाल्या की राबणं तेवढंच आणि मिळकत कमी. कायद्याने दिवसाला आठ तास काम. प्रत्यक्षात गाडीत बसून रांगेत घालवलेले तास कुणी कामात धरत नाही. चांगला ड्रायव्हर हे सोडून कंपनीची बस किंवा लांबची लाइन धरतो, आणि तुमच्या मालाला नवशिका मिळतो.

आता तुमच्या हातात काय, ते सांगतो. सगळ्यात आधी महिनाभर प्रत्येक फेरीच्या चार वेळा लिहून घ्या: तुमच्या गेटमधून सुटली, ग्राहकाच्या गेटला पोचली, आत घेतली, खाली होऊन बाहेर पडली. पोचपावतीवरच चार रकाने छापा. जीपीएस असेल तर वेळा आपोआप मिळतील, पण सिक्युरिटीच्या सहीची वेळ असेल तरच ग्राहक ती मानतो. महिन्यानंतर दिसेल की वेळ रस्त्यावर जातोय, ग्राहकाच्या गेटवर जातोय की तुमच्याच लोडिंगमध्ये जातोय. बऱ्याचदा गाडी नऊची ठरते आणि इन्स्पेक्शनची सही दहाला होते. ते दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही.

वेळा हातात आल्या की ग्राहकाच्या परचेसकडे जाऊ नका, त्यांना फक्त दर कळतो. स्टोअर आणि लाइन फीडिंग बघणाऱ्या माणसाकडे जा आणि ठरलेली खिडकी मागा. दुपारी दोनच्या शिफ्ट बदलाच्या आसपास स्टाफ बसेस, दुचाक्या सगळं रस्त्यावर असतं, ती वेळ टाळा. रात्री दहानंतर माल घेणार असतील तर त्यासारखं सुख नाही. पण नुसतं “घेऊ” म्हणून चालत नाही: रात्री फोर्कलिफ्टवाला आहे का, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होते का, हे विचारून घ्या. नाहीतर गाडी रात्री अकराला पोचून सकाळी आठला खाली होते. तुमच्याही बाजूला रात्रीच्या लोडिंगला माणसं लागतील. माथाडी मंडळाचे कामगार असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

बिनचा एक जादा संच करा. खर्च एकदाच होतो आणि गाडी थांबवून बिन रिकामे करून घेण्याची गरज संपते. भरलेले उतरवायचे, रिकामे उचलायचे, निघायचं. मला विचाराल तर तुमच्या आकाराच्या कारखान्याला सगळ्यात लवकर पैसे वसूल करून देणारा उपाय हाच. जे पार्ट रोज लागतात आणि ज्यांचं डिझाइन सहसा बदलत नाही, त्यांच्यासाठी चाकणच्या बाजूला कुणाच्या तरी गोदामात थोडी जागा भाड्याने घेता येईल. रात्री एक मोठी गाडी भरून तिथे टाका, दिवसा तिथून छोट्या गाडीने लाइनला द्या. पण डिझाइन वारंवार बदलणारा माल तिथे ठेवलात तर तो तिथेच जुना होईल.

शेजारच्या दोन-तीन कारखान्यांचा माल एकाच ग्राहकाला जात असेल तर एक मोठी गाडी मिळून करा. याला मिल्क रन म्हणतात, आणि आपल्याकडे ती मोडते ती स्वभावामुळे: “माझा माल आधी उतरव.” क्रम लिहून ठरवा, आणि गाडी कुणासाठीही दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही हा नियम पहिल्या आठवड्यातच लावून दाखवा.

रस्ता निवडताना मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. तो कारची वेळ सांगतो. गावातला अरुंद पूल, आठवडी बाजार, खाली आलेल्या वायरी त्याला माहीत नसतात. ग्राहक महाळुंगे-निघोज्याच्या बाजूला असेल तर कुरुळीच्या बाजूने आत शिरलं की तळेगाव चौक लागतच नाही. वासुली-वराळ्याकडे असेल तर आंबेठाण चौकाचा विचार करावा लागेल. रांजणगावसाठी आळंदी–मरकळमार्गे लोणीकंदला निघणं पुष्कळांना सोयीचं पडतं, वाघोलीची गर्दी टळते. पण कार्तिकीला आळंदीत आणि आषाढीच्या प्रस्थानाला हा रस्ता विसरायचा. तसंच ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाच्या कार्यक्रमासाठी अहिल्यानगर रस्त्याची वाहतूक वळवतात, आणि त्या वळवलेल्या जड वाहतुकीचा भार चाकणकडच्या रस्त्यांवरही येतो. म्हणजे त्या दोन दिवशी तुमचे दोन्ही रस्ते एकदम जातात. हे दिवस दरवर्षी ठरलेले आहेत, तरी दरवर्षी २ जानेवारीला कुणाची तरी लाइन थांबते. पालखी, विसर्जन, जोडून आलेल्या सुट्ट्या असे सगळे दिवस डिस्पॅचच्या भिंतीवर लाल करून ठेवा आणि माल दोन दिवस आधी पोचवा. आठवड्याच्या सुट्टीचाही मेळ बघा: भोसरीत बऱ्याच युनिटांना गुरुवारी सुट्टी, ग्राहकाला रविवारी. बुधवारी संध्याकाळी दोन दिवसांचा माल एकदम काढण्यापेक्षा सोमवारपासून थोडा थोडा पुढे सरकवता येतो.

नवे रस्ते होतील तेव्हा काय, असंही तुमच्या मनात असेल. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ७,८२७ कोटींची मंजुरी दिली, आणि बाह्य वर्तुळाकार रस्ताही कागदावरून पुढे सरकलाय. झाले तर तुमच्यासारख्यांना त्याचा फायदा नक्की. पण उन्नत मार्गाचे खांब उभे राहताना खालची लेन जाणार, हे धरून चला. तोवरच्या वर्षांसाठी करार करताना प्रवासाचा वेळ वाढेल असंच गणित मांडा.

शेवटी भाड्याचं. सरसकट तीस टक्के देऊ नका. वाढ नाकारूही नका, कारण तुमची गाडी काढून तो दुसऱ्याला देईल आणि नवा माणूस दोन महिन्यांनी हेच मागेल. दोन भागांचा दर करा. फेरीचा मूळ दर, त्यात लोडिंग आणि अनलोडिंगचे मिळून दोन तास धरलेले. त्यापुढे प्रत्येक तासाला हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचं भाडं. तासाचा दर त्याच्या दिवसाच्या स्थिर खर्चावरून काढा; वरच्या उदाहरणात दहा तासांचा दिवस धरला तर ३०० रुपये. रस्त्यातला उशीर मोजायचा नाही, त्यासाठी मूळ दरात थोडी वाढ द्या. फक्त गेटमधला वेळ मोजायचा. डिझेलच्या भावाचं कलम वेगळं ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ट्रॅफिक आणि डिझेल एकाच वाक्यात येणार नाही. आणि हॉल्टिंग ग्राहकाच्या गेटवर झालं असेल तर तो आकडा, सही असलेल्या पोचपावत्यांसकट, दर महिन्याला ग्राहकाच्या स्टोअरला मेल करा. पैसे ते लगेच देणार नाहीत. पण वार्षिक दर ठरवायला बसाल तेव्हा बारा महिन्यांचे मेल टेबलावर असतील, आणि लाइन थांबल्याची डेबिट नोट आली तर गाडी त्यांच्याच गेटबाहेर किती वाजल्यापासून उभी होती हेही त्यातच सापडेल.